तुळसाच्या हातातली डबी

"ताई, ते छर्रे कुणाच्या घरी जाऊ देऊ नका," सहादेवमामा म्हणाले होते. एकदाच म्हणाले. त्या वेळी ते टेबलावर एअर रायफल आडवी ठेवून तिच्या नळीत केशरी दोरी सरकवत होते, आणि पंकजाचं लक्ष सहाव्या जागेवरच्या पोराच्या सुटलेल्या नाडीकडे होतं. पोरगं अडखळलं, पडता पडता रायफल वळली, तर काय होईल, हे तिच्या डोक्यात चाललेलं. मामांचं बोलणं तिनं अर्ध्या कानानं ऐकलं आणि हसून म्हणाली, "मामा, केर काढणाऱ्या म्हातारीच्या चार गोळ्यांवर कशाला नजर ठेवता? नेऊ द्या की."

मामांनी दोरी नळीच्या टोकापर्यंत सरकवली. फौजेत बावीस वर्षं हवालदारकी केलेला माणूस; सांगितलं म्हणजे सांगितलं, असा त्यांचा हिशेब. पंकजाला मात्र वाटलं, भंगारवाला शिशाला बरा भाव देतो, म्हणून मामांचा जीव अडकलाय. चांगला माणूस आहे, पण हात जरा आखडता. असं मनाशी ठरवून ती नाडी बांधायला गेली.

खरं तर पंकजाला कुणी घाबरट म्हटलं असतं तर तिनं वाद घातला नसता. नेवाशाच्या बाहेर तिच्या सासऱ्यांचं बियाण्याचं जुनं गोदाम होतं. तिथं मामांनी नेमबाजीची दहा मीटरची रेंज सुरू करायची म्हटली, तेव्हा घरात सगळ्यात मोठा विरोध तिचाच होता. आणि नेमकी तिचीच अकरा वर्षांची ज्ञानेश्वरी पहिल्या आठवड्यात नाव घालून आली. पहिल्या दिवशी पंकजा मागं प्लास्टिकच्या खुर्चीत बसली ती पर्समध्ये बँडेज, डोळे धुवायचं पाणी आणि नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्याचा नंबर घेऊन. दुसऱ्या दिवशीही बसली. आठव्या दिवशी मामा म्हणाले, "ताई, तुम्ही बसताच आहात, तर हुकूम तुम्हीच द्या. माझ्यापेक्षा तुमचं लक्ष जास्त आहे."

तेव्हापासून रेंजवर पंकजाचा आवाज चालायचा. लोड. स्टार्ट. स्टॉप. अनलोड. रायफलचं तोंड सदा समोरच्या भिंतीकडे. हातात नसली की नळीत केशरी दोरी, ती रिकामी असल्याची खूण. लक्ष्याजवळ कुणी जाणार असेल तर आधी सगळ्यांचे हात रिकामे. आणि एक नियम तिनं स्वतः घातला होता: 'स्टॉप' कुणीही म्हणू शकतं. सगळ्यात लहान पोरगी म्हणाली तरी सगळ्यांनी थांबायचं, कारण मागाहून विचारायचं. पहिल्या महिन्यात पोरांनी पालीला, कबुतराला, एकदा तर मामांच्या शिंकेलाही स्टॉप केलं. पंकजा एकदाही रागावली नाही.

"तू रेंजवर असलीस की बंदुकाच घाबरतात म्हणे," तिचा नवरा आदिनाथ म्हणायचा. त्याचं बसस्टँडजवळ खतांचं दुकान होतं.

"घाबरू देत. बंदुकीनं घाबरलेलंच बरं."

सकाळी साडेसहा ते साडेआठ सराव. सुटल्यावर पोरं गोदामाबाहेरच्या नळावर ओळीनं उभी राहायची आणि पंकजा त्यांच्या हातांवर साबण फिरवायची, कोपरापर्यंत. छर्रे शिशाचे. शिसं बोटांना लागतं, बोटं तोंडात जातात. आत डबा उघडायचा नाही, बिस्किट नाही, चिंच नाही. हे तिला कुणी शिकवायला नको होतं, बी.एस्सी.ला केमिस्ट्री होती तिची. शिशाच्या विषारीपणावर तिनं सहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं आणि साडेपाच मिळवले होते.

पोरं शाळेला पांगली की नऊच्या सुमाराला रतनबाई यायची. साठीची, बारीक, तोंडाची तिखट. प्रवरासंगमाहून जीपनं यायची आणि जीपवाल्याशी भांडून उतरायची. लक्ष्यांच्या मागं लोखंडी पेट्या होत्या, छर्रे त्यांच्यात आपटून चपटे होऊन पडत. काही बाहेर उडत. रतनबाई केरसुणीनं ते सगळं गोळा करायची आणि उन्हाच्या पट्ट्यात राखाडी धूळ नाचत राहायची.

एकदा पंकजानं पाहिलं, रतनबाई वाकून एकेक चपटा छर्रा वेचतेय आणि पदराच्या गाठीत टाकतेय.

"काय करता त्याचं, मावशी?"

रतनबाई दचकली, पण लगेच कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "चोरत न्हाई मी. केरातलं हाय."

"अहो, चोरी कोण म्हणतंय? विचारलं फक्त."

"बजरंगच्या जाळ्याला. जाळ्याच्या खालच्या कडंला शिसं लागतं, म्हंजी जाळं पान्यात बसतं. इकत घ्यायचं तर लई महाग. ह्ये वितळवून गोळ्या पाडतो त्यो."

बजरंग रतनबाईचा मुलगा. प्रवरा जिथं गोदावरीला मिळते तिथल्या फुगवट्यात तो मासे धरायचा. पंकजाला वाटलं, किती छान. आमच्या पोरांनी फेकलेलं कुणाच्या तरी पोटापाण्याला येतंय. तिनं पेट्यांमधले सगळे छर्रे तेलाच्या रिकाम्या डब्यात भरले आणि रतनबाईला दिले. वर, नवे छर्रे ज्या गोल चपट्या पत्र्याच्या डब्यांत येतात, त्यातली एक रिकामी डबी दिली. फिरकीचं झाकण, वर निळा रंग.

"ही तुमच्या नातीला खेळायला."

मामांनी दुसऱ्याच सकाळी सरावाच्या वेळी सांगितलं होतं. आणि त्याच सकाळी तिनं ते हसण्यावारी नेलं होतं.

पुढं दर महिन्याला एक डबा जाऊ लागला.

रतनबाईची नात तुळसा तेव्हा दीड वर्षाची होती. कधीकधी आजीबरोबर यायची, तेव्हा पंकजा तिला गोदामात येऊ द्यायची नाही. बाहेर लिंबाखाली सतरंजी टाकून बसवायची, न जाणो एखादी रायफल कुठं राहिली असेल. तुळसा मोठी बोलकी होती. कावळ्याला हाका मारायची, जीपला टाटा करायची, मामांना "आबा, आबा" करून त्यांची टोपी मागायची. मामा कुणाला टोपी देत नसत. तुळसाला देत.

मग हळूहळू ती गप्प होत गेली.

"माझ्यावर गेली," रतनबाई म्हणायची. "रुसली की आठ दिस बोलत न्हाई."

"तुम्ही कधी आठ मिनिटं तरी गप्प बसलात का, मावशी?"

"बसले हुते. लगीन लागत हुतं तवा."

दोघी हसल्या. पण पंकजाचं बघणं काही थांबलं नाही. पोरीच्या नखांचा रंग तिला पांढुरका वाटला. पोट धरून कुरकुरायची. भिंतीचा पोपडा काढून खायची. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग रक्तवाढीचं. पंकजानं राजगिऱ्याचे लाडू पाठवले, खारका पाठवल्या. ज्ञानेश्वरीचे जुने फ्रॉक पाठवले. आपण एका लहान जिवासाठी काहीतरी करतोय याचं समाधान तिला वाटत होतं, आणि महिन्याच्या महिन्याला छर्ऱ्यांचा डबाही त्याच हातानं ती देत होती.

दिवाळीनंतर रतनबाई तीन दिवस आली नाही. फोन लागेना. चौथ्या दिवशी रविवार होता. पंकजानं ज्ञानेश्वरीला स्कूटीवर मागं बसवलं, तिच्या डोक्यावर हेल्मेट घट्ट केलं, दोनदा तपासलं, आणि प्रवरासंगमाला गेली.

नदीच्या कडेला, पुलापासून थोडं आत, पत्र्याची दोन खोल्यांची वस्ती. अंगणात जाळं पसरलेलं. दारातच चूल होती आणि चुलीवर एका काळ्या लोखंडी पळ्यात बजरंग काहीतरी चकचकीत, पाऱ्यासारखं हलवत होता. शेजारी मातीचा साचा. त्याची बायको अश्विनी पलीकडं भाकरीचं पीठ मळत होती. रतनबाई उंबऱ्यात बसलेली, पायाला फडकं बांधलेलं. घसरून पाय मुरगळला होता, एवढंच. आणि तुळसा जाळ्याच्या ढिगावर, जणू गादीच असावी तशी, पालथी पडली होती. तिच्या हातात निळी डबी होती. ती डबी हलवायची, आतले छर्रे खुळखुळायचे, मग झाकण काढायचं, एक छर्रा निवडायचा.

"स्टॉप," ज्ञानेश्वरी ओरडली.

रेंजवर ओरडतात तशी, सगळ्या ताकदीनं. बजरंगचा पळा हवेत राहिला. अश्विनीचे हात पिठात थांबले. तुळसानंही तोंडाजवळ नेलेला हात तसाच धरला आणि मोठे डोळे करून बघत राहिली.

"मम्मी, तिनं तोंडात घातलं असतं," ज्ञानेश्वरी म्हणाली. आता तिचा आवाज लहान झाला होता. "आपण हात धुतो ना."

पंकजा पुढं झाली आणि तुळसाची बोटं एकेक करून सोडवली. त्या बोटांना राखाडी रंग होता. ओठांच्या कडेलाही होता. झाकणावर आतल्या बाजूला पंकजाचंच अक्षर होतं, काळ्या मार्करनं: 'रेंज १'. तिला एकाएकी सगळं दिसलं. चूल, जाळं, पीठ, डबी, आणि या सगळ्यांपर्यंत येणारी तिनं स्वतः घातलेली वाट.

"चिडू नको गं तिच्यावर," रतनबाई म्हणाली. "तिचा खुळखुळा हाय त्यो. रडाया लागली की दितो, म्हंजी गप्प बसती. ग्वाड लागतं वाटतं, चोखीत बसती."

पंकजा उंबऱ्यापाशी खाली बसली. तिला वाटलं, सांगायला वेळ लावला तर सांगताच येणार नाही.

"मावशी, हे शिसं विषारी असतं. लहान मुलांना जास्त. पोट दुखतं, रक्त कमी होतं, बोलणं मागं पडतं. तुळसाला जे होतंय ते बहुतेक यानं होतंय. मला माहीत होतं. म्हणजे शिसं वाईट ते माहीत होतं. तुमच्या घरी मी काय पाठवतेय, ते कळलं नाही. डोक्यातच आलं नाही."

चुलीत काटकी मोडल्याचा आवाज झाला. रतनबाईनं पायाचं फडकं घट्ट केलं. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "रोज सकाळी तुमी पोरांच्या हाताला साबन लावीत हुता. मी बघत हुते की नळावर. तुमच्या पोरीच्या हाताला साबन, अन् माझ्या नातीला डबी."

पंकजानं डबीचं झाकण फिरवून घट्ट लावलं.

बजरंग मात्र उसळला. "आमचा आज्जा शिसं वितळवीत हुता, बाप वितळवीत हुता. मी ह्याच चुलीपाशी रांगलो. मेलो का?"

"शाळा कितवीपर्यंत केलीस रे?" रतनबाईनं त्याच्याकडं न बघता विचारलं.

"त्येचा काय संबंध?"

"न्हाई, इचारलं आपलं. अकरा वर्साचा झाला तरी तुला दहाच्या म्होरं मोजता येत न्हवतं. मास्तर मला म्हनायचा, पोरगं मुद्दाम करतंय. मी तुला मारायची."

बजरंगनं पळा खाली ठेवला. अश्विनी पिठाची परात उचलून उठली, दाराबाहेर गेली आणि मळलेलं पीठ कोंबड्यांना टाकता टाकता थांबली. त्यांनाही द्यावं की नाही ते तिला कळेना. शेवटी तिनं खड्डा केला आणि त्यात पुरलं. त्या घरात सगळ्यांत आधी काही केलं, ते अश्विनीनं.

घरी येताना पंकजा पुलावर थांबली. ज्ञानेश्वरीला वाटलं गाडी बंद पडली. पंकजानं हेल्मेटची काच वर केली आणि मामांना फोन लावला.

"मामा, तुम्ही मला सांगितलं होतं."

मामांना कशाबद्दल ते विचारावं लागलं नाही. "कोण?" एवढंच म्हणाले.

"तुळसा."

पलीकडं मामांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"तुम्ही दुसऱ्यांदा का नाही सांगितलं?" पंकजाचा आवाज चढला. तिला माहीत होतं की हे बोलणं न्यायाचं नाही, तरी ती बोलली. "मी ऐकत नव्हते तर ओरडायचं होतं माझ्यावर. कारण सांगायचं होतं."

"चुकलं," मामा म्हणाले. "फौजेत एकदा सांगतात. खालचा माणूस ऐकतो. तुम्ही काय माझ्या खालच्या नाही, हे ध्यानात यायला पाहिजे होतं." मग म्हणाले, "उद्या नगरला जायचं. जीप मी बघतो. साडेसातला निघायचं." आणि थोडं थांबून, "साडेसातला निघायचं, ताई. दोनदा सांगितलं."

नगरच्या मुलांच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी तुळसाचं पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, तिला हाक मारून पाहिली. तुळसाबरोबर रतनबाईचं आणि ज्ञानेश्वरीचंही रक्त घेतलं; ते तपासायला पुण्याला पाठवावं लागणार होतं. निकालाला चार दिवस. ते चार दिवस पंकजा रेंजवर गेली नाही. रेंजच बंद ठेवली. पोरांच्या आयांना तिनं स्वतः फोन करून कारण सांगितलं. काहींनी आभार मानले, एकीनं नाव काढून घेतलं. तिचंही चुकलं नव्हतं.

निकाल आला. अडतीस.

"रक्तातलं शिसं पाचच्या वर गेलं की आम्ही काळजीत पडतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पंचेचाळीसच्या पुढं असतं तर दवाखान्यात ठेवून औषध सुरू केलं असतं. आता पहिलं औषध म्हणजे घरातून शिसं बाहेर काढणं. ते नाही केलं तर बाकी काही उपयोग नाही. दूध, अंडी, नाचणी, लोहाचं औषध. महिन्यानं परत या."

"बोलंल का?" रतनबाईनं विचारलं. दिवसभरात तिनं तेवढंच विचारलं.

"बोलेल असं वाटतं. पण किती आणि कधी, ते मी आज सांगणार नाही. खोटं सांगायचं नाही मला."

रतनबाईनं मान हलवली. "हे बरं केलं," ती म्हणाली. "खोटं सांगितलं असतं तर परत आले नसते."

रतनबाईचं स्वतःचं बावीस निघालं. कोरड्या केरसुणीनं उडवलेली धूळ वर्षभर तिच्याच छातीत गेली होती. ज्ञानेश्वरीचं चार. तो आकडा बघून पंकजाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की तिनं कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि कुणाला दाखवला नाही. रतनबाईनं न विचारताच म्हटलं, "पोरीचं बरं हाय ना? तोंडावर दिसतंय तुमच्या. बरं असू द्या. त्यात काय लपवायचं."

दुसऱ्या दिवसापासून प्रवरासंगमाला आवराआवर सुरू झाली. आदिनाथनं दुकान गड्यावर सोडलं. दारातली चूल मोडली. भोवतालची वीतभर माती खणून गोणीत भरली. पत्रे, भिंती, भांडी, सगळं ओल्या फडक्यानं पुसलं. झाडायचं नाही, पुसायचं, हे पंकजा इतक्या वेळा म्हणाली की बजरंग म्हणाला, "ताई, मला आता सपनात पन फडकं दिसंल." तो चेष्टा करतोय हे तिला उशिरा कळलं, आणि तिला रडू आलं. अश्विनीनं तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि दुसरीकडं बघत राहिली, म्हणजे तिला सावकाश रडता यावं.

प्रश्न जाळ्याचा होता. शिसं काढलं तर जाळं तरंगणार. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या बाबाजान मिस्त्रींनी जुन्या नटांचं एक पोतं दिलं. बजरंगनं दोन दिवस बसून सगळ्या शिशाच्या गोळ्या कापून काढल्या आणि जागोजाग नट ओवले. पहिल्या दिवशी जाळं कलंडलं, दुसऱ्या दिवशी गुंतलं. "मासं हसत्यात मला," तो म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात जमलं. नट गंजतात, दर पावसाळ्यानंतर बदलावे लागतील, बदलीन, म्हणाला.

रेंजवर केरसुणी बंद झाली. रतनबाईसाठी पंकजानं तोंडाला लावायचा चांगला मास्क आणला, हातमोजे आणले, आणि काम दुसऱ्या कुणाला देते असंही म्हटलं. अकरा दिवस रतनबाई आली नाही. बाराव्या दिवशी लंगडत आली, जीपवाल्याशी भांडत, हातात स्वतःचं नवं पोछा मारायचं दांडकं.

"मावशी, तुम्ही नका करू हे काम."

"का? दुसरी आनून तिला इख पाजायचं हाय का? मला आता समदं म्हाईत हाय. नव्या बाईला परत पहिल्यापासनं सांगत बसाल." तिनं मास्क लावला, त्यातूनच म्हणाली, "अन् साबन कुटं हाय त्यो दाखवा."

पेट्यांमधले छर्रे आता झाकणाच्या, कुलपाच्या पिंपात जातात. किल्ली मामांकडं. शिसं भंगारात दिलं तर पुढं ते कोण वितळवतं, कुणाच्या चुलीपाशी, हे पंकजानं भंगारवाल्याला विचारलं. त्याला सांगता आलं नाही. म्हणून पिंप अजून तिथंच आहे. मामा चौकशी करताहेत, जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायचा परवाना असलेला कारखाना शोधताहेत, आणि पंकजाला रोज दोनदा सांगताहेत की अजून सापडला नाही.

महिन्यानं तुळसाचं सव्वीस आलं. त्यानंतर सतरा. पोट दुखणं थांबलं, भिंतीचे पोपडे खाणं थांबलं. गालावर थोडा रंग आला. बोलणं मात्र आलं नाही, आलं नाही, आणि मग एका सकाळी लिंबाखालच्या सतरंजीवर पंकजा तिला अंडं भरवत होती, तर तिनं तोंड फिरवलं आणि स्पष्ट म्हणाली, "न्हाई."

रतनबाईच्या हातातलं दांडकं पडलं. पंकजानं मुद्दाम आणखी एक घास पुढं केला.

"न्हाई."

"अजून एकदा विचारा," रतनबाई कुजबुजली.

त्या सकाळी तुळसाला सात-आठ वेळा तरी अंडं विचारलं गेलं असेल. शेवटी तिनं चिडून सगळं खाल्लं. आता तिच्याकडं चार शब्द आहेत. आधी वीसेक तरी होते. मामा रोज टोपी काढून तिच्यासमोर धरतात आणि वाट बघतात. ती टोपी घेते, घालते, हसते. 'आबा' अजून म्हणालेली नाही.

इथं थांबता आलं असतं तर पंकजाला आवडलं असतं. पण जाळ्यातलं शिसं मोजायला बसलेल्या बजरंगनं मान खाली घालून एक गोष्ट सांगितली होती. वर्षभरातले दोन डबे त्यानं साडूला दिले होते. अश्विनीच्या बहिणीचा नवरा, गोरक्षनाथ. तोही मासेच धरतो, पाण्यामागं फिरतो. त्याला लगेच फोन केला तेव्हा तो मुळा धरणाच्या काठी होता. "व्हय, व्हय, फेकून दितो," म्हणाला आणि फोन ठेवला. त्याच्या आवाजावरून पंकजाला कळलं की तो फेकणार नाही. ती आणि आदिनाथ चार दिवसांनी तिथं पोचले तेव्हा तळ हलला होता. चुलीचे दगड तेवढे होते, आणि राखेत थेंबासारखे दोन चकचकीत मणी. शेजारचे म्हणाले, कर्जतच्या बाजूला गेलेत, उजनी धरणाच्या फुगवट्याला. नंतर फोन बंद. दोन रविवार ते दोघं तिकडचा काठ फिरून आले. काठ फार लांब आहे.

गोरक्षनाथला दीड वर्षाचा मुलगा आहे. अश्विनी सांगते, कपाळावर डाव्या बाजूला भाजल्याचा छोटा डाग आहे, आणि कुणीही उचलून घेतलं तर जातो.

तुम्ही त्या पाण्याच्या आसपास राहत असाल, किंवा तिकडून जाणं होत असेल, तर मासेमारांची पालं दिसली की जरा थांबा. जाळ्याची खालची कड बघा. गोरक्षनाथला रागावू नका, त्यानं काही मुद्दाम केलेलं नाही. त्याला सांगा, त्यानं हसण्यावारी नेलं तर परत सांगा, आणि कारणासकट सांगा. आणि त्या लेकराला जवळ घेऊन एकदा हाक मारून बघा, उत्तर देतं का ते.